बसून बघणारा डॉक्टर

मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांचे दाखले लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे, अक्षरामुळे. मी मूळचा साताऱ्याचा. बी.एस्सी. होऊन सांगलीच्या कॉलेजात जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, तेव्हा तिकडे युरोपात लढाई नुकतीच पेटली होती आणि इकडे आमच्या प्रोफेसरसाहेबांचा उजवा हात थरथरू लागला होता. सही ते कशीबशी करत, पण मजकुरासाठी दुसरा हात हवा होता. तो माझा मिळाला.

त्या काळी इंटर सायन्स झालं की मुलं मेडिकलचे अर्ज करत. जागा मूठभर आणि अर्ज पोत्यानं. मुंबईहून येणारा छापील फॉर्म पाहिला की मेडिकल कॉलेजाला कसा माणूस हवा असतो, याचा चांगला अंदाज येई. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांतले मार्क, वय, देवी टोचल्याचा दाखला, खेळात भाग घेतो काय, इंग्रजी संभाषण कसं आहे, पालकांना फी झेपेल काय. हे सगळं दहा मिनिटांत भरून होई. पण तळाशी तीन ओळींची मोकळी जागा असे. उमेदवार वैद्यकीय व्यवसायाला कितपत योग्य आहे, याविषयी विभागप्रमुखांचं मत. त्या तीन ओळींनी माझा पहिला जून खाल्ला.

पहिल्याच मुलाबद्दल मी झोकदार इंग्रजीत लिहिलं, की हा उद्योगी, आज्ञाधारक आणि सुशील आहे. प्रोफेसरसाहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, हे तर पाणी ओढणाऱ्या बैलालाही लागू पडेल. घाडग्यांना विचारलंत का?"

घाडगे म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे हमाल. मला ते ऐकून रागच आला. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेल्या माणसानं दाखला लिहिण्याआधी बेडूक आणून देणाऱ्याचं मत घ्यायचं, ही गोष्ट मला पचेना. मी दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, कारण त्या तीन ओळींत लिहायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

घाडगेमामा मेढ्याकडचे. उंच, वाळकी अंगलट, मिशा पांढऱ्या पण ताठ. अंगात खाकी कोट, त्याला पितळेची चार बटणं. दर शनिवारी चिंच आणि राख लावून ती घासली जात. पहिल्या लढाईत ते पलटणीबरोबर मेसापोटेमियात जाऊन आले होते, ते डावा पाय किंचित ओढत. पेन्शनीत भागेना म्हणून सांगलीला आले आणि कॉलेजात चिकटले. प्रयोगशाळेमागच्या खोलीत एकटेच राहत. घरची माणसं गावी शेती बघत.

पहाटे नदीकाठच्या विहिरींवर आणि मळ्यांतल्या पाटांवर जाऊन ते बेडूक धरत आणि ओलं गोणपाट घातलेल्या मडक्यातून आणत. क्लोरोफॉर्मच्या बरणीत सोडण्यापूर्वी प्रत्येकाला सांगत, "चल गड्या, इद्येच्या कामाला चाललास." मुलं हसत, पण मामांचा चेहरा हललेला मी कधी पाहिला नाही. प्रॅक्टिकल संपलं की चाकू, कात्र्या, चिमटे मोजल्याशिवाय दार उघडत नसे. एकदा एक कात्री कमी भरली. चाळीस मुलं अर्धा तास उभी राहिली. शेवटी मामा प्रोफेसरसाहेबांसमोर सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हुकूम न्हाई, पर तुमचा खिसा तेवढा ऱ्हायलाय." कात्री प्रोफेसरसाहेबांच्याच खिशात होती. साहेबांनी ती दिली आणि मामांनी सलाम ठोकून दार उघडलं.

त्यांच्या कोपऱ्यात जांभळाच्या लाकडाचं एक तीन पायांचं स्टूल असे. त्यावर ते स्वतः फारसे बसत नसत. मी दाखल्याबद्दल विचारायला गेलो तेव्हा त्यांनी ते माझ्यापुढं सरकवलं.

"बसा सर. उभ्यानं इचारायची गोष्ट न्हाई ही."

मी बसलो. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या पायाची हकिगत सांगितली. ती त्यांनी पुढे मला निदान पाच वेळा सांगितली, आणि एकदाही तिच्यात शब्दाचा फरक पडला नाही.

"मांडीत गोळी हुती. तंबूत आमी साठ-सत्तर जण पडलेलो. एक डाक्टर आला, उभ्या उभ्या बघितलं, म्हणला, काटो. दुसरा आला, त्योबी उभ्यानंच, काटो. तिसऱ्यानं तर पाय बघितलाच न्हाई, चिठ्ठी वाचली आन् फुडं गेला. चौथा आला त्यो एक रिकामा टिनाचा डबा पालथा घालून माझ्याजवळ बसला. बंगाली हुता. म्हणला, गाव कुठलं, घरी कोण हाय, पाय वाकवून दावतो का. बोटानं दाबत दाबत गेला. लय येळ गेला बघा त्येचा. मग म्हणला, हा पाय ऱ्हाईल." मामांनी डावा पाय जमिनीवर दोनदा आपटला. "ऱ्हायला की न्हाई? तवापासनं मला कळलं. उभ्यानं बघतो त्यो निराळा आन् बसून बघतो त्यो निराळा. बसल्याबिगर दुखणं कळत न्हाई, सर."

मामांची परीक्षा ही एवढीच होती. प्रॅक्टिकलला दर वर्षी एखादं पोर घेरी येऊन पडे. बाकीची मुलं भोवती उभी राहून वह्यांनी वारा घालत. एखादाच खाली फरशीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेई. तो मामांच्या लक्षात राही. कुणाचं बोट कापलं, कुणाला परीक्षेच्या भीतीनं ओकारी झाली, अशा वेळी मामा एका बाजूला उभे राहून कोण बसतं तेवढं बघत. जूनमध्ये मी नावं वाचत जाई आणि ते एका शब्दात निकाल देत. "बसतो." "न्हाई बसत." "बसंल, पर सांगावं लागंल."

त्याचं इंग्रजी करणं माझं काम. 'रोग्याजवळ थांबण्याची याला उपजत ओढ आहे' असं काहीतरी मी लिही. त्या जूनमध्ये आमच्याकडची तीन मुलं मेडिकलला लागली आणि तिघंही मामांची 'बसणारी'. पुढच्या जूनमध्येही तसंच झालं. मग मात्र माझा विश्वास बसला. इतका, की मुंबईकरांना जे फॉर्मातून कळत नाही ते आम्हाला सांगलीत कळतं, असं मी मित्रमंडळींत सांगू लागलो. मत मामांचं आणि ऐट माझी, असा तो प्रकार होता.

अशात नाथा बनगर आला.

नाथा म्हसवडचा. घर मेंढपाळांचं, वडील लहानपणीच गेलेले. शाळामास्तरांनी हट्टानं शिकवला आणि कुठल्याशा बोर्डिंगच्या आधारानं तो सांगलीपर्यंत पोचला. काळा, रुंद हाडाचा आणि कमालीचा अबोल. पण चाकू हातात घेतला की बघत राहावं. बेडकाची एकेक शीर तो अशी मोकळी करून ठेवी, की प्रोफेसरसाहेब इतर मुलांना त्याच्या टेबलापाशी बोलावून दाखवत. मेडिकलला का जायचंय, असं मी एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडं मेंढराला काय झालं तर बघणारा माणूस हाय, सर. माणसाला काय झालं तर न्हाई." फॉर्ममध्ये लिहायला याहून चांगलं उत्तर मी त्यानंतर ऐकलेलं नाही. पण फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता.

त्या वर्षी ऐन दिवाळीत मामा बेडूक धरताना विहिरीच्या पायरीवरून घसरले. नेमका डावा पाय मुरगळला आणि वर हिवतापानं गाठलं. कॉलेजला सुट्टी, मुलं घरोघर गेलेली. बोर्डिंगात अभ्यासासाठी राहिलेली चार-दोन पोरं मामांना बघायला येत. मीही सांगलीतच होतो, अधूनमधून डोकावत असे.

फलटणच्या बागाईतदाराचा रणवरे नावाचा मुलगा तेव्हा राहिला होता. गोड बोलणारा, देखणा, अंगानं जरा सुटलेला. तो आला की मामांच्या खाटेवर पाय वर घेऊन ऐसपैस बसे आणि तास-दोन तास गप्पा मारी. मामांची मेसापोटेमियाची हकिगत त्यानं मनापासून ऐकली, दोनदा. मामा खूश.

नाथाही येई. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. भाकरी आणी, काढा आणी, वीट तापवून फडक्यात गुंडाळून मामांच्या पायाला शेक देई. पण सगळं उभ्यानं. कमरेतून वाकून शेक द्यायचा, वाकूनच पट्टी बांधायची, आणि झालं की दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायचं.

"बस की रं घडीभर," मामा स्टुलाकडं बोट करत.

"न्हाई मामा. बरं हाय असंच."

"आरं, स्टूल काय चावतंय?"

नाथा खाली बघे आणि वीट पुन्हा फडक्यात गुंडाळू लागे. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. एकदा तर मामांनी तापाच्या भरात त्याचा हात धरून खाली ओढला, तर हा झटकून मागं सरला. मामा त्यानंतर त्याला बस म्हणाले नाहीत. पाय बरा झाला, ताप उतरला, दिवाळीनंतर कॉलेज सुरू झालं.

जून आला. नाथाला मार्क उत्तम होते. मी नावं वाचू लागलो. रणवरेचं नाव येताच मामा म्हणाले, "बसतो. लय बसतो." नाथाचं नाव आलं तेव्हा त्यांनी कोटाचं एक बटण अंगठ्यानं पुसलं.

"हुशार हाय. हात सफाईचा हाय," ते म्हणाले. "पर बसत न्हाई, सर. बारा दिस माझ्या खोलीत आला, एकदाबी बूड टेकलं न्हाई. दुखणाईताजवळ बसाया त्येला कसंतरी हुतंय. खोटं कशाला बोलू?"

मी म्हणालो, "अहो मामा, पण शेक त्यानंच दिला ना?"

"दिला. कामाला ना न्हाईच म्हणत. मी इचारलंय येगळं."

मला तेव्हा थांबता आलं असतं. नाथाला बोलावून एक प्रश्न विचारता आला असता. पण दोन वर्षं मामांचं खरं ठरलं होतं आणि माझ्या पुढ्यात सात फॉर्म पडले होते. मी लिहिलं, 'अभ्यासात आणि हस्तकौशल्यात असामान्य. मात्र रोग्याच्या सहवासाची ओढ कमी दिसते.' अक्षर नेहमीप्रमाणे सुरेख आलं. प्रोफेसरसाहेबांनी सही केली.

रणवरे मेडिकलला लागला. नाथा मुलाखतीला जाऊन परत आला.

तो आला तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटा होतो. दारातूनच त्यानं विचारलं, "सर, तुमी तसं का लिवलं?" मुंबईत चार मोठे डॉक्टर टेबलामागं बसले होते. त्यांपैकी एकानं माझं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, आजारी माणसाजवळ थांबायला तुला नको वाटतं का?

मी त्या वेळी जे केलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. मी म्हणालो, "अरे, मी कुठे तुला रोग्यापाशी पाहिलंय? घाडगेमामांनी सांगितलं, तू त्यांच्या दुखण्यात एकदाही बसला नाहीस म्हणून."

नाथा दारातून आत आला.

"मी उभ्या नवरात्रात हुतो, सर."

मला समजलं नाही. मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. त्यांच्या गावच्या सिद्धनाथाचं नवरात्र दिवाळीच्या पाडव्याला बसतं ते तुळशीच्या लग्नापर्यंत, बारा दिवस. ज्याचा नवस असेल तो ते बारा दिवस बसत नाही. झोपायचं तेही उभ्यानं, आढ्याला बांधलेल्या दोरीवर हात टाकून. पोरगा इंटरपर्यंत पोचला तर तो उभं नवरात्र करील, असं आईनं देवाला कबूल केलं होतं. ते त्यानं सांगलीत, बोर्डिंगच्या खोलीत केलं.

"मग मामांना सांगायचं नाही का?"

"सायन्सला असून आसलं करतोय म्हणून पोरं हसली असती, सर. मुंबईत पन तेच. जिभंवर आलं हुतं. पर त्या साहेबलोकांम्होरं लाज वाटली."

तो त्याच दिवशी ट्रंक घेऊन म्हसवडला निघून गेला.

मी मामांना सांगितलं तेव्हा ते चिमटे पुसत होते. ऐकून घेतलं, राहिलेले सगळे चिमटे पुसले, मोजले, पेटीत ठेवले. मग म्हणाले, "बारा दिस उभा हुता. आन् त्यात रोज दोन डाव माझ्याकडं चालत यायचा." दुसऱ्या दिवशी सकाळी बटणं घासून, कोट घालून माझ्या दाराशी हजर झाले. शनिवार नव्हता.

"सर, चार दिस रजा पायजे. म्हसवडला जातो."

"मीही येतो," मी म्हणालो. धीटपणा म्हणून नव्हे. एकट्यानं सांगलीत राहायचं धैर्य नव्हतं म्हणून.

सर्व्हिस मोटारी बदलत बदलत आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. पावसाळ्याचे दिवस, पण त्या मुलखात पावसानं पाऊल टाकलेलं नव्हतं. गावाबाहेर काट्यांचं कुंपण, आत मेंढरांचा वाडा, शेजारी घर. नाथाची आई दारात लोकर निवडत होती. नाथा मेंढरं घेऊन माळावर गेला होता, तो दिवस मावळताना येणार होता. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि घोंगडं अंथरलं.

"बसा की पावणं."

मी बसलो. मामा उभेच.

"बसा की वो. पाय दुखतोय तुमचा, दिसतंय."

"पोरगं येऊ द्या, बाई. मग बसतो."

तिनं माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं. दुपार सरली, सावल्या लांबल्या, तरी मामा अंगणातल्या बाभळीला हातही न टेकता उभे. भार सगळा उजव्या पायावर. मी एकदा उठून उभा राहिलो, तर म्हणाले, "सर, तुमी बसा. तुमचं येगळं हाय." ते मला फार लागलं. माझं वेगळं नव्हतं. वाक्य मी लिहिलं होतं. मग मीही बसलो नाही.

नाथा मेंढरं घेऊन आला. खाकी कोट बघून जागीच थबकला. मामा पाय ओढत चार पावलं पुढं गेले.

"नाथा, माझं चुकलं गड्या. मी एकच गोष्ट बघत ऱ्हायलो. शेक कोण देतंय ते बघितलंच न्हाई."

नाथानं हातातली काठी खाली ठेवली. "मी सांगाया पायजे हुतं, मामा. लाजलो."

"तू लाजलास ती तुजी चूक लहान हाय. माझी मोठी हाय. फुडच्या साली पुन्हा अर्ज करायचा. चल सांगलीला."

"आता न्हाई मामा. मेंढरं हायती."

तेव्हा आई बोलली. ती इतका वेळ ऐकत होती. "मेंढरं मी बघती. नवस माझा हुता. त्यापायी तुजं अडलं म्हंजी ते माझ्यावर आलं. जा तू." मग मामांकडं वळून म्हणाली, "आता तरी बसा, दादा." नाथानं त्यांचा दंड धरून त्यांना घोंगड्यावर बसवलं, आणि स्वतः शेजारी बसून तो डावा पाय मांडीवर घेऊन दाबू लागला. मामांनी तोंड फिरवलं. बराच वेळ ते मेंढरांकडंच बघत होते.

ते वर्ष मोठं धामधुमीचं गेलं. ऑगस्टपासून कॉलेज कधी चालू, कधी बंद. प्रोफेसरसाहेबांनी नाथाला नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायचं काम दिलं. जून आल्यावर मी फॉर्म घेऊन बसलो आणि मामांना विचारलं, काय लिहू?

"मला इचारू नका," मामा म्हणाले. "बसतो, न्हाई बसत, हे आता बंद. मी निकाल देनार न्हाई. काय बघितलं तेवढं सांगतो, लिवायचं तर ते लिवा."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. तीन ओळी पुरल्या नाहीत, कागद जोडावा लागला. 'गेल्या वर्षी याच्याविषयी मी लिहिलेलं एक वाक्य चुकीचं होतं. घरच्या व्रतामुळे हा बारा दिवस बसू शकत नव्हता. त्या बारा दिवसांत तो रोज दोन वेळा एका आजारी माणसाकडे चालत गेला, उभ्यानं वाकून त्याच्या पायाला शेक दिला आणि पट्टी बांधली. कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.' प्रोफेसरसाहेबांनी ते दोनदा वाचलं. आपली चूक अशी छापील फॉर्मला टाचून मुंबईला पाठवणं त्यांना जड गेलं असणार. पण त्यांनी हात टेबलाला घट्ट दाबून सही केली.

मुलाखतीत त्या कागदावरून पुन्हा प्रश्न आलाच. उभं राहून पाय दुखले नाहीत का, असं एकानं विचारलं. नाथा म्हणाला, पाचव्या दिवसानंतर दुखायचे थांबले, पण दुसऱ्याचा पाय किती दुखत असेल ते तेव्हापासून कळायला लागलं. या वेळी त्याला लाज वाटली नाही. त्याला जागा मिळाली.

न्यायानं हेही सांगायला हवं, की रणवरे चांगला डॉक्टर झाला. पुढे एकदा भेटला तेव्हा मी त्याला मामांच्या परीक्षेची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. म्हणाला, "सर, मला उभं राहिलं की पाय भरून येतात. मी सगळीकडेच बसतो." त्याच्या दवाखान्यात रोग्यांसाठी मात्र भरपूर बाकं होती.

मामांनी निकाल देणं बंद केलं ते कायमचं. नवे प्राध्यापक आले, कौतुकानं विचारू लागले, तर मामा सांगत, "अमक्या दिवशी अमक्यानं हे केलं, तमक्या दिवशी ते केलं. फुडचं तुमी बघा." दाखले लिहिणं त्यामुळे पुष्कळ अवघड झालं आणि माझी ऐटही गेली. नाथा सुट्टीत आला की आधी मामांच्या खोलीत जाई. आईचा नवस एका वर्षाचाच होता, पण यानं तो दर दिवाळीला चालू ठेवला होता. मेडिकलच्या मुलानं हे करावं याचं मला नवल वाटलं. तो म्हणाला, "बारा दिस बसायचं न्हाई म्हटलं, की राहिलेलं वरीसभर बसायची आठवण राहती, सर."

मामांना मी शेवटचं पाहिलं ते साताऱ्यात. स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली होती. मामा नोकरी सोडून गावी गेले होते आणि नाथा साताऱ्याच्या सरकारी इस्पितळात डॉक्टर होऊन आला होता. मी दिवाळीला घरी गेलो असताना कळलं, की मामांच्या पायाची जुनी जखम चिघळली आहे आणि ते तिथेच आहेत. पाडवा, भाऊबीज झाल्यावर मी भेटायला गेलो.

वॉर्डात शिरताच मामा दिसले, कारण त्यांची खाट बाकी सगळ्या खाटांपेक्षा उंच होती. मी शेजारच्या स्टुलावर बसलो तर माझी हनुवटी गादीला लागू लागली आणि मामा वरून माझ्याकडं बघू लागले. फार वाळले होते. मिशा मात्र ताठ.

"मामा, ही खाट एवढी उंच का?"

"वारं लागतंय," ते म्हणाले आणि माझ्या मुलाबाळांची चौकशी करू लागले.

पायाचं काय म्हणतात डॉक्टर, असं मी विचारलं. "दोघं म्हणले, काढावा लागंल. नाथा म्हणतोय, ऱ्हाईल. बघू." पाय राहिला. पुढच्या उन्हाळ्यात मामा गावी गेले ते दोन्ही पायांनिशी, हे मला नंतर नाथाच्या पत्रातून कळलं. त्या दिवशी मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

इतक्यात नाथा आला. पांढरा कोट, गळ्यात नळी, पाय सुजलेले, डोळे तांबारलेले. मला बघून त्यानं हात जोडले. नर्सबाई लगबगीनं खुर्ची घेऊन आल्या. तो मानेनंच नको म्हणाला आणि खाटेपाशी येऊन उभा राहिला.

मामांनी कोपरानं मला ढोसलं. "सर, उठा की. त्यास्नी उभं ऱ्हायाला जागा द्या."

मी उठलो आणि वाट मोकळी व्हावी म्हणून स्टूल खाटेखाली सरकवलं. सरकवताना वाकलो, तेव्हा दिसलं. खाटेच्या चारी पायांखाली तीन-तीन विटा होत्या. मामांनीच पाडव्याच्या दिवशी वॉर्डातल्या माणसाकडून त्या लावून घेतल्या होत्या, असं नर्सबाईंनी मागून सांगितलं.

मी बाजूला झालो. नाथानं पट्टी सोडली आणि बोटानं दाबत दाबत मामांचा पाय बघू लागला. त्याला जराही वाकावं लागत नव्हतं.